कडी बाहेरून

द्वारका, नवी दिल्ली
६ ऑक्टोबर २००२

ती. ताईस,
दिनकरचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितो.

मंगळवारी आई पुन्हा घराबाहेर पडली. लतिका शाळेत शिकवत होती, मी मानेसरला कारखान्यात. सांभाळणारी बाई वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली, तेवढ्यात. आई सापडली ती पालमच्या रेल्वे फाटकापाशी, अनवाणी. एका रिक्षावाल्यानं तिला पोलीस चौकीत पोचवलं. ती मराठीत काहीतरी सांगत होती, ते त्यांना मद्रासी वाटलं. पायाचे तळवे सोलून निघाले होते. बाई त्याच दिवशी काम सोडून गेली.

बाबा गेल्यावर आईला कराडहून इथं आणलं तेव्हा ती नुसती नावं विसरायची. आता घरच विसरते. म्हणून घरात बदल करायचं ठरवलंय. मागच्या खोलीला बाथरूम जोडून ती तिला द्यायची. ऑफिसातल्या ओळखीनं भसीन नावाच्या आर्किटेक्टबाईंना बोलावलं. टेप काढायच्या आधी त्या बराच वेळ आईशेजारी बसल्या, एकमेकींची भाषा कळत नसताना. मग मला विचारलं, दाराला कडी कुठल्या बाजूनं हवी. मी म्हटलं, बाहेरून. त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, ऐसा कमरा मैं नहीं बनाती. आग लागली तर माँजी काय करतील, असंही विचारलं.

त्यांचं म्हणणं, अंगणाला उंच जाळी लावावी, आईचं दार तिकडे उघडावं आणि तिला हवं तितकं चालू द्यावं. पण त्याला सोसायटीची परवानगी हवी, वेळ हवा, आणि दिवसभर घरात माणूस हवंच. तोवर ती रुळांवर गेली तर? तुला काय वाटतं, कळव.

लतिकाचा नमस्कार. धाकट्यावर आहे ती माया असू दे.

तुझा,
दिनू


कराड
१३ ऑक्टोबर २००२

चि. दिनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, एकदा अक्षर लावायला आणि एकदा मजकुरासाठी. इंजिनिअर झालास तरी तुझं अक्षर अजून कोंबडी चालून गेल्यासारखंच आहे.

तू माझं मत विचारतोस तेव्हा तुझं ठरलेलं असतं. लग्नाच्या वेळीही असंच विचारलं होतंस. लतिका गुणाची निघाली म्हणून निभावलं. या वेळी मात्र खरंच विचारत असशील तर त्या भसीनबाईंचं ऐक. आपली आई दुपारीसुद्धा कधी दार लोटून झोपली नाही. अजून ती फक्त विसरते. कडी लावलीस की ती कोंडलेली बाई होईल.

मी तिला इकडे आणली असती. पण यांना डायलिसिसला नेण्याआणण्यात माझा सगळा जीव जातो, आणि उरलेल्या दिवशी ते पडून असतात. लांबून सांगायला तोंड आहे, करायला हात नाहीत, हे धरूनच वाच. लतिकाला थोडी रजा मिळते का बघ.

दोघं जपून राहा. रागावलास तरी चार ओळी टाक.

तुझी,
ताई


द्वारका
२४ नोव्हेंबर २००२

ती. ताईंस,
लतिकाचा सा. न. वि. वि.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

भसीनबाईंना यांनी नको म्हणून कळवलं. पालमच्या एका ठेकेदारानं दिवाळीआधी खोली तयार करून दिली. टाइल्स चांगल्या बसवल्या, खिडकीला गज, दाराला बाहेरून कडी. मी रजा मागितली होती. प्रिन्सिपल म्हणाल्या, बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आहेत, राहायचंच असेल घरी तर राजीनामा द्या. मी शाळेत जात राहिले.

यांची कंपनीची बस पहाटे निघते, त्यामुळे कडी मीच लावते. पाणी आणि झाकलेलं ताट आत ठेवते. सुरुवातीला आई दार वाजवायच्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळू आवाजात म्हणायच्या, अहो बाई, दार उघडा ना, माझा दिनू शाळेतून यायचा झाला, त्याला भूक लागली असेल. मी चपला घालून बाहेर उभी असायची. ताई, मी दार उघडलं नाही.

वरच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत तक्रार केली. आवाजाची. कडीबद्दल कुणी काही बोललं नाही.

आता आठवडाभर आवाज येत नाही. हे म्हणतात, रुळली. मला तसं वाटत नाही. काल मी राजीनामा लिहून दिला आणि भसीनबाईंना फोन केला. हे अजून दोन्ही गोष्टी ऐकून घेत नाहीत.

राग धरू नका म्हणायचं धाडस होत नाही. तरी आपल्या पायाशी जागा असावी.

आपली,
लतिका


द्वारका
२ फेब्रुवारी २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लतिकानं तुला सारं कळवलं, हे तिनंच मला सांगितलं. त्यानंतर तुझं पत्र नाही. ते बरोबरच आहे.

भसीनबाई आल्या. मला वाटलं होतं, बोलतील. त्यांनी आधी सुताराकडून कडी काढून भोकं बुजवली. अंगणाला जाळी लागली, आईचं दार तिकडे निघालं, भिंतीला धरून चालायला लाकडी दांडा बसला. लतिका दिवसभर घरी असते. सगळं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच झालं.

दार उघडं असतं, आणि आई बाहेर येत नाही. उंबऱ्यापर्यंत येते, थांबते, परत पलंगावर जाऊन बसते. लतिकानं हात धरला तर सोडवून घेते. डॉक्टर म्हणाले, आजार पुढं सरकलाय, हे कधीतरी होणारच होतं. मी त्यांना कडीचं सांगितलं नव्हतं.

मी खोलीत गेलो की ती उठून उभी राहते आणि पदर डोक्यावर घेते. काल मी म्हटलं, आई, अंगणात छान ऊन आलंय, चल. ती खाली बघत म्हणाली, नको, साहेब रागावतील. मी विचारलं, कोण साहेब. ती भिंतीकडे सरकली आणि हात जोडून म्हणाली, चुकलं माझं.

दाजींची काही सोय लागली तर चार दिवस ये. तुझी ओळख पटली तर तू तिला बाहेर बोलाव. माझ्या हाकेला ती येणार नाही.

उरली असेल तेवढी माया ठेव.

दिनू