सड्यावरचं गाऱ्हाणं

अण्णा, आईला मी फरीदाबादला घेऊन आले. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, पण जिथे सांगायचं ती जागाच कुंपणाच्या आत गेली आहे.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी आपल्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, विमानतळ झाला. एक धावपट्टी, एस.टी. स्टँडएवढी इमारत आणि दिवसाला एक विमान, तेही पावसाळ्यात देवाच्या मर्जीवर. शिवेवरच्या राखणदार देवाचा दगड रीतसर पूजा करून बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथे पत्र्याखाली आणून बसवला. गेल्या पावसात आई न्हाणीघरात पडली, आणि हाक ऐकायला घरात कोणी नव्हतं. म्हणून मी न्यायला गेले. विमानतळावर पोचल्यावर म्हटलं, नारळ इथे पत्र्याखालीच ठेवू या. तर म्हणते, "दगड हलयलो, देव थयच आसा. तेका सांगल्याशिवाय मी येवचंय नाय."

सवय तुमचीच. शीव ओलांडण्याआधी राखणदाराच्या जागी उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. लग्न होऊन मी दिल्लीकडे निघाले तेव्हाचं आठवतं. तुम्ही नारळ धरून उभे आहात, मागे काका आणि चुलतभाऊ "व्हय म्हाराजा" म्हणताहेत. माझ्याही तोंडून निघतं. तुम्ही वळून बघता. "चेडवांनी म्हणूचा नसता." गाऱ्हाणं माझ्याच सुखरूप जाण्याचं होतं, पण मुलींनी जबाब द्यायचा नाही, तो पुरुषांनीच.

तर आई नारळ पदराखाली धरून विमानतळाच्या दारातच उभी. तपासणीचा जवान निघाला पानिपतचा. माझं हिंदी ऐकून जरा सैल झाला. म्हणाला, "आंटीजी, हमारे गाँव में भी दादा खेड़ा हैं, बिना पूछे कोई नहीं निकलता. पर रनवे पे तो मैं भी नहीं जा सकता." मग आईला म्हणाला, "अम्मा, जहाज आख़िर में जाके मुड़ेगा. खिड़की से बोल देना." आईने मला विचारलं, "काय म्हणता तो?" मी सांगितलं. तिने नारळ पत्र्याखाली ठेवला आणि आली.

विमान टोकाला जाऊन वळलं. राखणदाराच्या जुन्या जागेची खूण, कुंपणापलीकडचं काजूचं झाड, दिसलं तशी आईने हात जोडले आणि खणखणीत सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा शीव वलांडतत. वाटेत काय वाकडानाकडा आसात तर ता दूर कर रे म्हाराजा!" आणि थांबली. जबाब द्यायला बरोबर पुरुष कोणी नव्हता. "म्हण गो," ती म्हणाली. मी पुटपुटले, "व्हय म्हाराजा." मागच्या सीटवर कोणीतरी हसलं.

"आणि ह्या चेडवाच्या हातान माका शिमग्याआधी परत आण रे म्हाराजा!"

अण्णा, तिचं परतीचं तिकीट मी मुद्दाम काढलंच नव्हतं. तिला कायमची आणत होते. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, नुसती थांबून राहिली. विमान घरघरत होतं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

शिमगा आता तोंडावर आलाय. मुलगा म्हणतो, "आई, आजी इथे सेफ आहे, बिल्कुल नको नेऊ." त्याचं चूक नाही. गावचं न्हाणीघर तेच आहे, मलाही भीती वाटते. तरी काल दोघींची तिकिटं काढली. शिमगाभर मी तिच्याजवळ राहीन, पुढचं पुढे.

हा कागद घडी घालून देव्हाऱ्यात ठेवते. एक मात्र आईलाही सांगितलेलं नाही. विमानात दुसऱ्या वेळेला "व्हय म्हाराजा" म्हणताना माझा आवाज चढला, तो इंजिनामुळे नव्हे. तुम्हाला ऐकू जावा म्हणून.