गज कुठे अडतो

रविवार, २१ सप्टेंबर २०२५
सासरे गेल्यावर त्यांची ठासणीची बंदूक एकदाची भावेशच्या नावावर झाली. आता माझा नवरा घरचा कर्ता! यंदा दसऱ्याची पूजा झाली की वाडीत बार काढणार म्हणे, सासरे काढायचे तसा. लॉकडाऊनच्या साली बार काढायला मनाई झाली, तेव्हापासून ती भिंतीवरून उतरते ती पूजेपुरतीच. मी विचारलं, आत काही नाही ना? नुसता हसला. मला या हसण्याचीच भीती वाटते.

मंगळवार, २३
बंदूक भरलेली आहे का ते कसं ओळखायचं, मोबाइलवर बघत बसले. एक म्हणतो नळीत पाणी ओता, दुसरा म्हणतो मुळीच नको. तिसरा अमेरिकेत हरणं मारतोय! पालघरच्या एका बंदूकवाल्याला फोन केला, तर म्हणे ताई, तुम्हाला कशाला?

गुरुवार, २५
वाणगावचे विश्रामकाका सापडले. जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या. म्हणाले, दारू ठासायचा गज नळीत सोड, तोंडाशी खूण कर, मग बाहेरून नळीला लावून बघ. चार बोटं कमी भरला तर एक बार आत आहे.
दुपारी केलं. चार बोटं नाही — दीड हात! काढला, परत सोडला. तिथेच अडला.
सासूबाई दारात गवार मोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

शुक्रवार, २६
भावेश म्हणतो, गंज असेल. सासूबाईंना विचारलं. "बंदूक रिकामी पुजत नाय," एवढंच बोलल्या.
म्हणजे सासरे दर दसऱ्याला ठासत राहिले आणि बार काढलाच नाही! डोळ्यांत मोतीबिंदू, गजाकडे कोण बघतंय. भावेशने चाप ओढला असता तर — लिहवत नाही.
बार पेटवणाऱ्या केपांची डबीही सापडत नाहीये. बरंच आहे.

रविवार, २८
विश्रामकाका आले. आधी नळीत पाणी, मग गजाच्या टोकाला पिळाची सुई. किंतानाचा, म्हणजे गोणपाटाचा बोळा आला, छर्रे, काळी ओली दारू. मग साडीच्या काठाचा बोळा. परत किंतान. परत काठ. पाच किंतानाचे, चार काठाचे. नऊ बार!
सासरे बोळ्याला गोणीच फाडायचे, पाच दसऱ्यांचे पाच. काठ कोणाच्या साड्यांचे ते मला कळलं, वाळत मीच घालते. भावेशचं लक्ष छर्ऱ्यांकडे.
सासूबाई उठल्या आणि केपांची डबी आणून काकांपुढे ठेवली. लेकाने बार काढू नये म्हणून त्यांनीच लपवली होती.

सोमवार, २९
सासऱ्यांचा सासूबाईंवर हात सुटायचा, हे सगळ्या आळीला ठाऊक. सासूबाईंनी कधी ब्र काढला नाही. आज त्यांनी वाढलेला भात मला गिळवेना.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा
रिकामी बंदूक पुजली. संध्याकाळी विश्रामकाकांना सोनं द्यायला गेलो. काकांनी मला बाजूला घेतलं.
"एकावर एक ठासली तर काय होतं, ते तुज्या सासूनं पण विचारलेलं. चार वर्सं झाली. मी सांगितलं, नळी फुटते, उडवणारा जगत नाय."