आलीनच्या आईचा फोन

गुरुवार, संध्याकाळ

आमची भाडेकरू आलीन, बुरुंडीहून शिकायला आलेली पोर, आज सकाळी पन्हाळ्याच्या रस्त्यावर अपघातात गेली. ती फोन उचलेना म्हणून दुपारी तिच्या आईनं मला लावला. "अमाकुरु?" म्हणजे, काय खबर? आलीननंच शिकवलेलं उत्तर सवयीनं तोंडातून निसटलं, "नी मेझा." सगळं छान. आई हसली. असं कसं बोलले मी? पण त्यांच्या किरुंडीत 'गेली' कसं म्हणतात, ते मला कुठं ठाऊक होतं?

हे म्हणाले, "कॉलेजवाले सांगतील की! तू कशाला जीव जाळतीस?"

कॉलेजवाल्यांनी सांगितलं. मग तिचा पुन्हा फोन आला. नुसती रडत होती. मीही. मघाशी नी मेझा म्हणणारी मीच, हे तिच्या मनात असेल का?

ठेवताना म्हणाली, "मुराकोझे." आभार. कशाचे?