ईशान्येला कचऱ्याचा डबा

सोमवार, ३ नोव्हें.

नवी सिस्टिम चढतेय. आण्णांचा कॉम्प्युटर आणि माझा, दोन्ही. मोठ्या कंपनीच्या पोर्टलनं जुन्या सिस्टिमला दार बंद केलंय. पोर्टल नाही तर गेटपास नाही, गेटपास नाही तर आमच्या ब्रॅकेटचा पहिला लॉट इथंच निघोज्यात गंजत पडणार. एवढं आण्णांना पटवायला माझी अख्खी दिवाळी गेली. मालक आहेत, शेड त्यांची, जमीन त्यांची, पण कॉम्प्युटरला कुणी हात लावणार म्हटलं की दाताच्या डॉक्टरकडे नेल्यासारखं तोंड करतात.

शेवटी शब्द दिला. "आण्णा, काही बदलणार नाही. जिथलं तिथं राहील."

चाकणचा कॉम्प्युटरवाला शेखर सकाळीच येऊन सगळं चालू करून गेला. निघाले तेव्हा स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरत होते. फोन केला तर म्हणे, "मॅडम, बिनधास्त घरी जावा. सकाळपर्यंत होतंय."

लॉट शनिवारी जायचा. पास झाला की दुसरी शिफ्ट सुरू, आणि दुसऱ्या शिफ्टला विलासला घ्यायचं आण्णांनी कबूल केलंय. कंत्राट संपल्यापासून नवरा घरी. पोहे फार छान करायला लागलाय. मला आता पोहे बघवत नाहीत.

मंगळवार, ४

फाटकातून गाडी आत घेते तोच आण्णांची आरोळी.

"ताई! आवो ताई! ह्यो कचऱ्याचा डबा देवाच्या डोक्यावं कुनी आनून ठिवला?"

पळत गेले. खरंच. आण्णांच्या स्क्रीनवर गणपतीच्या सोंडेवर रिसायकल बिन.

वाकडच्या वास्तूवाल्या सरांचे उपकार. त्यांनी आधी आमचं फाटक हलवलं, मग संडास हलवला, मग हलवायला काही उरेना तेव्हा आण्णांचा स्क्रीन धरला. आण्णा बसतात पूर्वेला तोंड करून. म्हणून स्क्रीनचा माथा पूर्व, डावी कड उत्तर, वरचा डावा कोपरा ईशान्य. तिथं गणपतीचं छोटं चित्र. कचऱ्याचा डबा खाली उजवीकडे, नैऋत्येला. आणि तळाला असते ती चिन्हांची पट्टी उचलून उजव्या कडेला उभी केलेली, कारण दक्षिण जड पाहिजे. त्यानंतर महिनाभरात मोठ्या कंपनीचा फोन आला. त्या फोनसाठी वर्षभर मी मेल पाठवत होते हे कुणाच्या गावीही नाही.

आता नव्या सिस्टिमनं सगळी चिन्हं स्वतःच्या मनानं डावीकडे ओळीत लावलीत. पट्टी परत तळाला. त्यात बटणं मधोमध गर्दी करून उभी.

"दोन दिवसांत सवय होईल," मी हसून म्हटलं. आण्णा फक्त एवढंच म्हणाले, "तुमी शब्द दिल्ता."

मग, थोड्या वेळानं: "समदं जाग्याव येईस्तोवर हितनं एक खिळा भाईर जायचा न्हाई."

शनिवार काय लांब आहे?

बुधवार, ५

डबा ओढून नैऋत्येला नेला. सोडला की पळत परत ईशान्येला. पुन्हा नेला, पुन्हा पळाला. ओढाळ गुरासारखा. आण्णा मागे उभे राहून "चुक चुक" करत होते, मला की डब्याला कोण जाणे. शेवटी सापडलं: चिन्हं आपोआप ओळीत लावायची टिक होती. ती काढली. डबा बसला नैऋत्येला. गणपती मोकळा. आण्णांनी स्क्रीनला हात जोडले, मला वाटलं सुटले.

"आन पट्टी?"

पट्टीसाठी सेटिंगमधलं पान न् पान पाहिलं. आधी धरून ओढली की कडेला जायची. आता तळालाच. बटणं हवी तर मधे घ्या, हवी तर डावीकडे, पण पट्टी तळ सोडत नाही. शेखरला फोन.

"मॅडम, ती सोय काढूनच टाकलीय त्यांनी."

"का पण?"

"मला काय ठाऊक राव. मला विचारून काढली का?"

एक बाहेरचं सॉफ्टवेअर असतं म्हणे, ते पट्टी हलवतं. पण त्यानं पोर्टल बंद पडलं तर मग जबाबदारी शेखरची नाही. माझीही नाही. नको.

आण्णा म्हणाले, मग जुनंच परत टाका. परत जायचं बटण आहे, थोडे दिवस असतं म्हणे. पण मग पोर्टल उघडणार नाही. शांतपणे समजावलं. आण्णा म्हणाले, "ताई, गेटपास मान्साचा असतोय. दिशा देवाची."

मी उठून चहा प्यायले.

गुरुवार, ६

सुट्टी. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद, म्हणून देहूचा रस्ता जरा माणसांना चालता येतो.

सकाळी फोडणीला हात वर नेला तर मोहरीच्या जागी चहापत्ती. मिसळणाचा डबा गायब. विलासनं काल दिवसभर बसून स्वयंपाकघर लावलंय. डाळी खाली, पिठं मध्ये, मिसळणाचा डबा पार पलीकडच्या फळीवर. तेल तापून धूर. मी अशी काही भडकले की शेजारच्या मावशी गॅलरीत आल्या.

"हात घातला की वस्तू सापडायला पाहिजे! डोळे मिटून सापडायला पाहिजे!"

तो म्हणाला, "कशाला चिडायलीस? उलट सोय झाली की. दोन दिवसांत सवय होती बघ."

हेच. हेच शब्द मी मंगळवारी आण्णांना म्हणाले होते, आणि वर हसलेही होते. तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते आज कळलं.

भाजी जळकी झाली. दोघांनी गपचूप खाल्ली.

शुक्रवार, ७

शेखर स्वतः आला. म्हणाला, डोकं लावलंय. आणि अख्खा स्क्रीनच फिरवला. म्हणजे मॉनिटर तसाच, आतलं चित्र आडवं पाडलं. पट्टी उभी, बरोब्बर उजव्या कडेला. गणपती आणि डबाही ओढून आपापल्या कोपऱ्यात नेले. अक्षरं मात्र सगळी कुशीवर झोपलेली.

मला वाटलं आण्णा त्याला हाकलतील. आण्णा खूश! "हां! आली जाग्याव!"

"आण्णा, पण वाचायचं कसं?"

"वाईच मान वाकडी करायची. त्याला काय हुतंय?"

त्याला काय होतं ते सांगते. पोर्टल फक्त आण्णांच्याच कॉम्प्युटरवर चालतं, त्यामुळे मी खांद्यावर डोकं टाकून बिल केलं. माउस वर ढकलला की बाण आडवा, आडवा ढकलला की खाली. शेडमधली पोरं काचेतून बघून आपल्याही माना वाकड्या करत होती. जेवणापर्यंत माझी मान धरली. डबा खातानाही भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच बघत होते, दुसरीकडे वळेना.

दुपारी सही. सहीची चावी पेनड्राइव्हसारखी असते, आण्णा ती जानव्यासारखी गळ्यात घालतात, तिचा आकडा तेच टाकतात. त्यांनी मान उलट्या बाजूला वाकवली. आकडा चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. शेखर ओरडला, "आण्णा थांबा! अजून एकदा चुकलात तर चावी लॉक होईल!"

आण्णांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला. "सरळ करा त्ये," म्हणाले. स्क्रीन सरळ. पट्टी परत तळाला.

तेवढ्यात मोठ्या कंपनीच्या खरेदीवाल्यांचा फोन. लॉट शनिवार संध्याकाळपर्यंत आला नाही तर त्यांनी दुसरा माणूस बघून ठेवलाय. गोड आवाजात सांगितलं. गोड आवाजाची जास्त भीती वाटते.

शेखर गेल्यावर आण्णांनी चावी पुन्हा गळ्यात घातली. मग म्हणाले, "ताई, मला काय हौस न्हाई वो. माझा बाप हितं भुईमूग काढायचा. आमी पत्रा ठोकायची प्रेस टाकली. चुकलं का बराबर, आता सांगायला हाय कोन? वास्तूवालं निदान सांगत्यात तरी."

मला एकदम वाईट वाटलं त्यांचं. आणि त्याच वेळी रागही, कारण माझ्या घरचा माणूस त्यांच्या पट्टीला टांगलेला आहे.

घरी. विलास माझ्या मानेला बाम चोळत होता. मी तशीच उठून फोडणी टाकायला उभी. मिसळणाचा डबा अजून तिकडेच. "ठेव ना तो होता तिथं," म्हटलं.

तो म्हणाला, "डबा राहू दे की तिथंच. तूच इकडून उभी राहा. हाताशी येतो का नाही बघ."

ओट्याच्या दुसऱ्या बाजूनं उभी राहिले. आला की हाताशी!

"टेबल!" मी ओरडले.

विलास घाबरला. त्याला वाटलं बाम डोळ्यात गेला.

शनिवार, ८

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. आण्णा आले तसं कागदावर चौकोन काढून दाखवला. पट्टी हलत नाही ना, नका हलवू. तुम्ही फिरा. उत्तरेला तोंड करून बसा. मग स्क्रीनचा माथा उत्तर, तळ आपोआप दक्षिण, पट्टी दक्षिणेला. गणपती वर उजवीकडे न्यायचा, डबा खाली डावीकडे. ईशान्य देवाला, नैऋत्य कचऱ्याला. जिथलं तिथं.

आण्णांनी कागद फिरवून फिरवून पाहिला. मग स्वतः टेबलाभोवती फिरले. "सरास्नी इचारतो."

स्पीकरवर वास्तूवाले सर. "अहो, अशा मनाने दिशा बदलता येत नाहीत. त्याला अभ्यास लागतो."

मी मधेच बोलले. "सर, पण तुम्हीच मागे सांगितलं होतंत ना, उत्तर म्हणजे कुबेराची दिशा, धंद्याला चांगली?"

त्यांनी असं कधीही सांगितलं नव्हतं. पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"हो, म्हणजे... ते तर मी पहिल्यापासून सांगतोय."

मिटलं.

टेबल लोखंडी, आण्णांच्या प्रेसवरच बनवलेलं, चार माणसांनाही हलेना; अजून दोघं आले तेव्हा फिरलं. वायर पुरेना, शेडमधून एक्स्टेन्शन आणलं. आण्णा बसले. तळाकडे पाहिलं, वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "हां. आता दक्षिन जड झाली." आकडा पहिल्या झटक्यात बरोबर. गेटपास प्रिंटरमधून बाहेर पडला तसा मी हातात झेलला. नारळ फोडला. ट्रक गेला.

एकच झालं. आधी आण्णा माझ्याकडे बाजू करून बसायचे. आता आम्ही समोरासमोर. दिवसभर थेट माझ्या तोंडाकडे बघतात. कामात चोरून शेंगदाणे खाणं बंद. ही वहीही आता घरीच लिहावी लागणार.

सोमवार, १०

कंपनीकडून काही नाही. तपासणी चालू असेल.

आण्णा येईल त्याला टेबल दाखवतात. चहावाल्याला दाखवलं, कुरिअरवाल्याला दाखवलं, वीजबिल घेऊन आलेल्याला पाणी पाजून दाखवलं. "सरांनी उत्तर सांगितली आन गाडी निगाली." सरांनी! मी समोर बसलेली असते, हसून मान हलवते. मान अजून नीट हलत नाही.

विलासनं सेफ्टी शूज पॉलिश करून दाराशी ठेवलेत. घरी गेल्यावर पहिलाच प्रश्न, "आलं का काही?" मी खेकसले, आलं असतं तर सांगितलं नसतं का. तो पोहे भिजवायला गेला. मग मीच जाऊन कांदा चिरून दिला. सेफ्टी शूज बघून मला रडू येत होतं, कांद्याचं निमित्त बरं झालं.

मंगळवार, ११

खरेदीवाल्यांना मीच फोन केला. "हो हो, चेकिंग होत आलंय. दुपारनंतर कळवतो मॅडम." आवाजावरून काही कळेना. गोड नव्हता, एवढंच समाधान.

आण्णा वाकडला सरांकडे पेढे घेऊन गेलेत. निकालाआधीच पेढे! म्हणाले फोन उचलायला तुमी हाय की.

जेवणाची सुट्टी. शेड शांत. वही आज पिशवीत होती, म्हणून इथंच लिहितेय. समोर आण्णांची रिकामी खुर्ची, माझ्यापुढे माझा स्क्रीन. त्याच्यावर नव्या सिस्टिमनं डबा जिथं टाकला तिथंच आहे, वर डावीकडे. आठवडाभर लक्षही गेलं नाही.

मोबाइलवर होकायंत्र उघडलं. उगाच. आण्णांचं तोंड उत्तरेला, म्हणजे माझं दक्षिणेला. माथा दक्षिण, डावी कड पूर्व. वरचा डावा कोपरा आग्नेय. आग्नेयेला कचरा चालतो का? माहीत नाही. विचारणार कुणाला? मी एम. कॉम. आहे. आठ दिवस या माणसाला मनात हसतेय.

नैऋत्य वर उजवीकडे येते.

दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. ती ओळीत लावायची टिक काढली, डबा धरला आणि ओढत उजव्या कोपऱ्यात नेला. नीट बसला नाही असं वाटलं, म्हणून अजून थोडा वर सरकवला.

पोरं हात धुऊन परत येतायत. प्रेस सुरू होईल. फोन आवाजावर ठेवलाय, टेबलाच्या मधोमध. वाजला तर मलाच उचलायचाय.