गुवाहाटीला न झालेला सामना

गोंदिया,
२६ ऑक्टोबर २०१७

प्रिय चंद्रशेखर,

प्रवास कसा झाला? अंग आंबलं असेल. गुवाहाटी काही जवळ नाही. सतरा वर्षांखालच्या पोरांच्या विश्वचषकाचा एक तरी सामना मला दाखवाल, असं दोन वर्षं कबूल करत होतात. शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते मी. तुम्हाला चेंडू गोल असतो एवढंच ठाऊक. तरी ऐन वेळी एकच तिकीट मिळालं आणि ते तुमच्याच खिशात गेलं. भाऊबीजेला चकल्या-करंज्यांचा डबा बांधून दिला, स्टेशनवर हात हलवला आणि घरी येऊन ढसाढसा रडले. मूर्खच मी.

मग बातमी आली. पावसानं गुवाहाटीचं मैदान खराब झालं म्हणून सामना कोलकात्याला हलवला. माझ्या सातवीतल्या पोरींनाही ते ठाऊक होतं. तुम्हीही तिकडेच वळला असाल, असं मी मनाला समजावलं. काल संघातल्या साऱ्या मुली आपल्याकडे टीव्हीपुढे बसल्या होत्या आणि तुमच्या आई पडद्याला नाक लावून कोलकात्याच्या गर्दीत तुमचं तोंड शोधत होत्या. मीही शोधत होते.

तेवढ्यात तुमचा फोन आला. मी स्पीकर लावला. आईंनी विचारलं, "काऊन गा, तिकडं पानी येऊन राहिला का?" तुम्ही म्हणालात, गुवाहाटीत धो धो पाऊस आहे, मैदानात चिखल, तरी खेळ काय रंगलाय! मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी मुद्दाम लाडात येऊन विचारत राहिले, थंडी आहे का, शेजारी कोण बसलंय. दर वेळी वाटायचं, आता तरी खरं बोलाल. तुम्ही शेजारी एक आसामी मास्तर बसवलात, त्याला दोन मुलंही दिलीत. मग मागून आवाज आला, "अब फोन रखो ना, चाय ठंडी हो रही है." रोज सकाळी विरजण मागायला येणाऱ्या शेजारणीचा आवाज आई विसरतील होय? रीता भाऊबीजेला माहेरी रायपूरला गेली होती. तुमची गाडीही रायपूरवरूनच जाते. पोरींपुढे लाज माझी गेली. तुमची जायला मुळात होती कुठे?

आईंनी सामना शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "चाल, आपुन जाऊ कलकत्त्याले." परवा तिथे अंतिम सामना आहे. आज हावड्याच्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. तिकीट नाही मिळालं तर मैदानाबाहेर उभ्या राहू. निदान सांगितलेल्या गावी तरी पोचू.

पत्राचं कारण एवढंच, की घराचं कुलूप बदललंय. घर आईंच्या नावावर, नवं कुलूपही त्यांनीच आणलं. तुमचे कपडे आणि दाढीचं सामान बॅगेत भरून रीताच्या नवऱ्याकडे, मनिरामभाऊंकडे ठेवलंय. त्यांच्याकडेच का, तेही त्यांना सविस्तर सांगितलंय. हे पत्रही त्यांच्याच हाती दिलं. वाचून झालं की मान वर करा. ते समोरच उभे असतील.

कालपर्यंत तुमचीच,
अल्का