जाहिरातीत दिलेला निकाल

सूनबाई,

काल तू गप्प बसलीस, ते मला अजिबात पटलेलं नाही. टीव्हीवरच्या कोर्टात बायका कशा तावातावाने बोलतात, रोज माझ्या शेजारी बसून बघतेस, मग शिकलीस काय? तुझ्या सासऱ्यांचा कोट तू जुन्या कपड्यांत देऊन टाकलास, असं मी शेजारीणबाईंसमोर म्हटलं. तू फक्त "आई, ऐका तरी" म्हणालीस. जाहिराती संपत आल्या होत्या, म्हणून मी घाईने निकाल दिला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तिथला जज्ज निदान दोन्ही बाजू ऐकतो.

आज तू कामावर गेल्यावर शिंपी आला. हातात कोट. "आजी, सांगितलंत तसं नवं अस्तर लावलंय," म्हणाला. मीच दिला होता, मीच विसरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेगळी खोली बघू, असं तू नवऱ्याला म्हणत होतीस, तेही ऐकलंय. कान अजून शाबूत आहेत. तुझी भरलेली बॅग मी उघडलेली नाही, फक्त तिच्यावर कोट ठेवलाय.

शेजारीणबाईंना बोलवायला गेलेय. निकाल त्यांच्यादेखत दिला, तर फिरवायचाही त्यांच्यादेखतच. तोवर जाऊ नकोस. जेवण झाकून ठेवलंय.

आले की उभी राहून, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं तुला सांगणार आहे: "सूनबाई, गुन्हा माझा. आता तू बोल. तुझं बोलून होईपर्यंत टीव्ही बंद."