टिकलीएवढी जागा

प्रिय अण्णा,

माझा नंबर ब्लॉक केलास ते योग्यच केलंस. आत्याचाही केलास तेही बरोबर, नाहीतर मी तिच्या फोनवरून बोलले असते. म्हणून हे कागदावर.

सगळं क्रमाने सांगते. अप्पांनी आपल्या दोघा भावंडांना गॅरेजात क्रमच तर शिकवला. त्या दिवशी जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवून झालं, आत्याने बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि तुझ्या सावनीचे वडील मारुतीमामा साखरपुड्याची तारीख ठरवायला आणि जमलंच तर जावयाचा कामातला हात बघायला आले. तू किल्ली फिरवलीस. टक्. पुन्हा टक्. लिंबं जशीच्या तशी. आणि धुतलेला कप पुन्हा धुतल्याशिवाय जिला चैन पडत नाही ती मी सगळ्यांदेखत म्हणाले, "वायरिंग याचं आहे, मामा. चार वायरी दिल्या तर तीन उलट्या लावतो." मामांनी बशी खाली ठेवली आणि तारीख न ठरवताच गेले. तू हातही न धुता धारवाडच्या खोलीवर निघून गेलास.

मग मी तुझी चूक शोधायला बसले. चार दिवस. बॅटरी ठणठणीत, दिवे लख्ख. स्टार्टर काढून थेट जोडला तर हातातून उडेल असा फिरला. दुर्गदबैलच्या बाजारातून फ्यूज आणले, तर जुनेच चांगले होते. तुझी एकेक वायर तपासली, मग शेवटापासून सुरू करून पुन्हा तपासली. एकही चुकली नव्हती. खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. राग आला.

सापडलं ते आत्यामुळे. "तू किल्ली फिरवत राहा, मी दृष्ट काढते," म्हणत ती मीठ-मिरच्या घेऊन इंजिनावर वाकली, अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेवर हात टेकला आणि किंचाळली, "अय्यो सुनिते, ही तार चुलीत ठेवली होतीस काय गं!" मी हसले, आणि हसता हसता थांबले. ती तार तापायचं कारणच नाही. करंटला बॅटरीकडे परतायची वाट बंद असली, तरच तो असा बारीक तारेत घुसतो. ती वाट म्हणजे इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची पट्टी. पट्टी होती, घट्टही होती. पण तिच्याखाली करंट अडवणारा काळा रंग होता. दोन हात. माझे. तू बजावलं होतंस, "सुनिते, तेवढी जागा उघडी ठेव." मी म्हटलं होतं, आपल्याकडे अर्धवट काम होत नाही. तू जेवायला गेलास तेव्हा पट्टी काढून, खालची जागा रंगवून, वाळवून ती परत लावली.

पॉलिश पेपरने टिकलीएवढी जागा घासली. अर्ध्या किल्लीत इंजिन सुरू झालं. आत्या म्हणते, मिरच्यांनी.

आज सकाळी तीच जीप घेऊन आत्याबरोबर मी अळनावरला मारुतीमामांकडे आले आणि सगळं कबूल केलं. मामा म्हणाले, "रंग तुझा, ते समजलं. पण पोराचा हात मी अजून बघितलाच नाही. नोडोण." त्यांचं 'नोडोण', म्हणजे 'बघू', तुला माहीत आहे, वर्षभर चालतं. सावनी दाराआडून ऐकत होती. मी पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात तिने पाना घेऊन ती पट्टी काढली आणि शेवयांच्या डब्यात लपवली. जीप पुन्हा टक् म्हणते. मामा गावातला मेकॅनिक बोलावायला निघाले होते. सावनी म्हणाली, ज्याने वायरी जोडल्या त्यालाच बोलवा. म्हणून हे पत्र. आत्या बसने घेऊन येते आहे. तोंडी निरोप दिला असता तर तिने फक्त भाजलेल्या बोटाचंच सांगितलं असतं. तू ये, मामांसमोर जरा इकडेतिकडे बघ, आणि मग चहा माग. सावनी बशीखालून पट्टी देईल. फक्त लवकर ये. मला खोटं बोलता येत नाही. "काय बिघडलं असेल गं?" असं मामांनी आतापर्यंत तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी तोंडात लाडू कोंबला. ताटात आता दोनच उरलेत.

लाडू पुरवून खाणारी,
तुझीच,
सुनिता